एक संगणक, चार माणसे

२४ ऑगस्ट २०१७ रोजी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी तर आणीबाणीतला, आपले वडीलही ज्यात सहभागी होते तो १९७६चा निकाल चुकीचा म्हटला. आम्हाला हे फार मोलाचे वाटते. पण २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा घरगुती वापराला लागूच नाही. नोएडा-गुरुग्रामच्या फ्लॅटमधल्या एकुलत्या संगणकावर सुनेने कोणत्या दुखण्याबद्दल वाचले, मुलाने कोणता समुपदेशक शोधला, हे घरच्यांच्या सभ्यतेवर सोडलेले आहे.

ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडक्यांवर फार विसंबू नका. त्या खिडक्या बंद केल्या की हिस्ट्री जाते. डाउनलोड केलेली फाइल मात्र तशीच राहते, आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला तुम्ही कोणत्या साइटवर गेलात ते कळू शकते. त्यापेक्षा विंडोजमध्ये प्रत्येकाचे वेगळे खाते, वेगळा पासवर्ड बरा. अर्थात अ‍ॅडमिन खाते ज्याच्या हाती, त्याला इतरांच्या फायली उघडता येतात. ते कोणाकडे असावे हे घरात बसून ठरवा, आणि त्या बैठकीला सुनेला व वयात आलेल्या मुलांनाही बसवा.