गांठीला बांधलेली वीज

प्रवासास निघतांना गांठीं काय असावें, याचा विचार आमच्या घरांत पूर्वीं दशम्या, फिरकीचा तांब्या आणि चार सुटे पैसे यांपाशीं संपत असे. या यादींत विजेची भर पडेल असें कोणीं सांगितलें असतें, तर आम्हीं तें हंसण्यावारीं नेलें असतें. परंतु गेल्या माघांत रत्नागिरीहून परततांना जो प्रसंग ओढवला, त्यानें आमचें हंसणें बंद केलें. तो प्रसंग आणि त्यापायीं करावी लागलेली खरेदी, हाच या महिन्याचा आमचा विषय आहे.

गाडी रात्रीची होती. आगीच्या भयास्तव डब्यांतील चार्जिंग पॉइंट रात्रीं ११ पासून पहाटें ५ पर्यंत बंद ठेवावे असा रेल्वेचा दंडक आहे, व तो योग्यच आहे. पण आम्हांस त्याची जाणीव नव्हती. ठाण्यास उतरलों तेव्हां आमचा मोबाइल गतप्राण झाला होता. घाटकोपरकडे जाणारी लोकल लागली, सौभाग्यवती स्त्रियांच्या डब्यांत चढल्या, आणि आम्ही मात्र गर्दीच्या लोंढ्यानें मागें फेंकले गेलों. गाडी सुटली. आम्हांस वाटलें, आम्ही दिसलों नाहीं म्हणजे त्या परत ठाण्यास येतील. त्यांस वाटलें, आम्ही मागल्या गाडीनें येऊं. अशा रीतीनें त्या घाटकोपरच्या फलाटावर व आम्ही ठाण्याच्या फलाटावर एकमेकांची वाट पाहत राहिलों.

आमची तारांबळ पाहून एका विद्यार्थ्यानें आपण होऊन स्वतःचा फोन पुढें केला. "आजोबा, नंबर सांगा, मी लावतों." आम्हीं तोंड उघडलें, आणि तें तसेंच राहिलें. अमरकोशाचीं तिन्ही कांडें ज्यास मुखोद्गत, त्या गृहस्थास स्वतःच्या कुटुंबाच्या नंबराचे पहिले दोन अंकही आठवेनात! सारे अंक त्या मृत यंत्राच्या पोटांत होते. तासाभरानें आम्ही घाटकोपरास पोंचलों, तेव्हां सौभाग्यवती फलाटाच्या टोंकाशीं बांकावर बसून निरुत्तर फोन पुनःपुनः कानाशीं लावीत होत्या. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्यापाशीं गर्दीच्या लोकलमधून पडून माणसें दगावलीं, ती बातमी त्यांनीं वाचलेली होती. "अहो, मला वाटलें..." एवढेंच त्या बोलल्या. वाक्य पुरें करा, असें आम्हींही म्हटलें नाहीं.

पुढच्याच रविवारीं नातवास बरोबर घेऊन आम्ही पॉवर बँक आणावयास निघालों. पदपथावर एका विक्रेत्यापाशीं तळहाताएवढी हलकी डबी होती. तीवर ५०,००० हा अंक छापलेला आणि किंमत अवघी ४०० रुपये. दुकानांतील वस्तूवर २०,००० आणि किंमत चौपटीहून अधिक. लोभ कोठें ओढतो हें सांगावयास नकोच. पण मास्तरकीची खोड अशी कीं, अंक दिसला म्हणजे ताळा पाहिल्यावांचून चैन पडत नाहीं.

हे अंक मिलिअँपिअर-तासांचे असतात. आंतील लिथियम घटांचा दाब सुमारें ३.७ व्होल्ट, म्हणून २०,००० मिलिअँपिअर-तास, म्हणजेच २० अँपिअर-तास, यांस ३.७ नें गुणिलें असतां ७४ वॉट-तास येतात. ही खरी ठेव. मोबाइलला मात्र वीज साधारणतः ५ व्होल्टनें द्यावी लागते. ७४ ला ५ नें भागिलें कीं १४.८, म्हणजे २०,००० चे १४,८०० च उरले. दाब बदलतांना कांहीं वीज उष्णतेच्या रूपानें जाते, ती वजा जातां हातीं बारा-तेरा हजार. पेढी म्हटली कीं हुंडणावळ आलीच! प्रामाणिक कारखानदार हा दुसरा आंकडा 'रेटेड कपॅसिटी' म्हणून बारीक अक्षरांत छापतो. घेणारानें तोच वाचावा. ५,००० चा मोबाइल अशा बँकेनें सुमारें अडीच वेळां भरतो.

आतां पदपथावरील डबी. ५०,००० खरे मानले तर तींत १८५ वॉट-तास हवेत. दुकानांतील २०,००० ची बँकच साडेतीनशें ग्रॅमांच्या आसपास भरते. मग अडीचपट घट त्या हलक्या डबींत मावणार कसे? शिवाय विमानांत सामान्यतः १०० वॉट-तासांपर्यंतचीच बँक विनापरवानगी नेतां येते, आणि तीही हातांतल्या सामानांत. १६० च्या वर तर मुळींच नाहीं. म्हणजे डबीवरचा अंक खरा असता तर ती विमानांत चढली नसती, आणि खोटा असल्यामुळें ती आमच्या पिशवींत चढली नाहीं.

पॉवर बँकेवर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. 'आय. एस. १३२५२' हा मानक-क्रमांक आणि 'आर' या अक्षरापुढील नोंदणी-क्रमांक पाहावा, ब्यूरोच्या 'बी. आय. एस. केअर' ॲपवर तो पडताळतां येतो. नातवानें दुकानांतच पडताळून दाखविला. डबीवर तसें कांहींच नव्हतें.

दोघांचे दोन मोबाइल आणि रात्रीचा प्रवास, म्हणून आम्हीं २०,००० ची घेतली. अंधेरी-बोरिवलीची रोजची ये-जा करणारास १०,००० ची, वजनानें जवळजवळ निम्मी, पुरेशी आहे. ती उशीखालीं किंवा उन्हांत ठेवूं नये. फुगलेली दिसतांच वापर थांबवावा, आणि केरांत न टाकतां ई-कचरा घेणारांकडे द्यावी. घरींही ती भरलेली असावी. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं मुंबईची वीज गेली व लोकल जागच्या जागीं उभ्या राहिल्या, हें विसरून चालणार नाहीं.

परंतु पॉवर बँक वीज देते, स्मरण देत नाहीं. म्हणून चार नंबर कागदावर लिहून आम्हीं सदऱ्याच्या खिशांत ठेविले आहेत, आणि सौभाग्यवतींचे दहा अंक रोज सकाळीं संध्येनंतर त्यांच्यासमोर म्हणून दाखवितों. पहिल्या आठवड्यांत तीनदां चुकलों. आतां चुकत नाहीं. ते अंक येथें देत नाहीं. वाचकांनीं आपापल्या घरचे पाठ करावे.