घासाघीस

ऑफिसच्या कामाने घानाला गेलो होतो. रविवारी अक्राच्या कलाकुसरीच्या बाजारात चक्कर मारली. मुखवटे, ढोल, काचेचे मणी आणि "या, बघून तरी जा" म्हणणारे विक्रेते! मी तुळशीबागेत तयार झालेला गडी. एकाने केंटेचा भाव फारसा उतरवला नाही, त्याला मनातल्या मनात लुटारू ठरवून पुढे गेलो. दुसऱ्याकडे निम्म्याहून कमी भावात मिळालं. स्वतःवर जाम खूश!

हॉटेलात येऊन उलटं करून पाहिलं, तर मागची बाजू फिकट. छापील! खरं केंटे कुमासीजवळच्या बोनविरेसारख्या गावांत हातमागावर विणतात. चारेक इंचांच्या अरुंद पट्ट्या विणायच्या आणि मग त्या एकमेकींना शिवायच्या. पहिल्याचं तसंच होतं, चक्क शिवण दिसत होती.

आई पैठणीचा पदर आधी उलटा करून बघते, तेव्हा मी हसायचो.

२०२४ मध्ये युनेस्कोने केंटेच्या विणकामाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. पण विणकराचं घर चालतं ते गिऱ्हाइकावर. घासाघीस जरूर करा, तिथली ती रीतच आहे. फक्त आधी कापड ओळखायला शिका. नाहीतर भाव पाडल्याच्या आनंदात आपण नकलेलाच पोसतो.

असो. माझं 'केंटे' सध्या मॉनिटरवर धूळ अडवतंय.