टिकल्यांचं पिस्तूल पुरे!

स्मरणिकेत मुलांच्या चित्रांच्या आणि पाककृतींच्या शेजारी पिस्तुलावरचा लेख जरा विजोड दिसेल, याची मला कल्पना आहे. पण गेल्या दोनएक वर्षांत आपल्या मंडळींच्या गप्पांत हा विषय इतक्या वेळा निघाला आहे, की कुणीतरी स्पष्ट बोलायला हवं. म्हणून आधीच सांगून टाकतो. ब्रिटनमध्ये सामान्य माणसाला पिस्तूल बाळगता येत नाही, हा या देशाने आपल्यावर केलेला एक मोठा उपकार आहे. आणि "इथेही अमेरिकेसारखी सोय हवी होती" असं म्हणणाऱ्या आपल्याच माणसांशी माझं भांडण आहे.

हा विषय निघतो कसा, ते तुम्हाला ठाऊक आहे. दिवाळी जवळ आली, की कुणाच्या तरी घरी चोरी होते. चोरांनाही आता कळलंय, की आपल्या घरात आजीच्या पाटल्या आणि लग्नातलं मंगळसूत्र कपाटातच असतं. २०१९ साली बीबीसीने पोलिसांकडून मिळवलेल्या आकड्यांनुसार, आधीच्या पाच वर्षांत आशियाई कुटुंबांचं सुमारे १४ कोटी पौंडांचं सोनं चोरीला गेलं होतं. त्यात २०२४ चा ऑगस्ट आला. साउथपोर्टमधल्या चिमुकल्या मुलींच्या हत्येनंतर गावोगाव दंगली उसळल्या. आपल्यातल्या कित्येकांनी त्या आठवड्यात मुलांना बाहेर पाठवलं नाही. भीती खरी होती, ती मी नाकारत नाही. पण भीतीच्या पोटी माणूस जो उपाय सुचवतो, तो शहाणपणाचा असतोच असं नाही.

माझा एक मामेभाऊ टेक्सासमध्ये असतो. ग्रीन कार्ड हातात पडल्यावर त्याने पहिलं पिस्तूल घेतलं आणि पुढे दुसरं. तिथे २०२१ पासून कायद्याने अपात्र नसलेल्या, २१ वर्षांवरच्या माणसाला परवान्याशिवायही ते कमरेला लपवून फिरता येतं. आपण जसे मिक्सर घेताना सुमीत की प्रीती अशी चर्चा करतो, तशी तो 'ग्लॉक १९ की सिग पी३६५' अशी करतो. ग्लॉकमध्ये पंधरा गोळ्या मावतात, पण ते रिकामं असतानाही साडेसहाशे ग्रॅमच्या वर भरतं आणि शर्टाखाली फुगवटा दिसतो. २०१८ साली आलेलं सिग जेमतेम अर्ध्या किलोचं, तरी त्यात दहा गोळ्या बसतात. छोटं पिस्तूल लपतं चांगलं, पण हातात जास्त उसळतं. मोठ्याचा नेम चांगला, पण उन्हाळ्यात टी-शर्टखाली ठेवायची पंचाईत. मग पट्ट्याच्या आत पोटाशी ठेवायचं की कुशीला, सेफ्टीचा खटका बाहेरून असावा की नसावा... भाऊ हुशार आहे, त्याचा अभ्यास पक्का आहे. इथले आपले काही तरुण मित्र हे सगळं डोळे विस्फारून ऐकतात, आणि माझा जीव खालीवर होतो.

कारण या सगळ्या तौलनिक अभ्यासात एक रकाना कुठेच नसतो. आमच्या कन्सल्टिंगच्या धंद्यात कुठलीही नवी सिस्टीम बसवण्याआधी पहिला प्रश्न विचारतात: ही बिघडली तर नुकसान कुणाचं? पिस्तुलाच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर उपलब्ध आहे. अमेरिकेत २०२३ साली बंदुकीने सुमारे ४६,७०० माणसं मेली. त्यांतल्या २७ हजारांहून अधिक आत्महत्या होत्या. म्हणजे मेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांवर गोळी झाडणारा दुसरा कुणी नव्हता, ते स्वतःच होते.

आता जरा आपल्या घरांकडे पाहू. नोकरी गेली तर व्हिसाचं काय, या विचाराने रात्र रात्र जागणारा बाप, बाळंतपणानंतर परक्या देशात चार भिंतींत एकटी पडलेली सून, ए-लेव्हलचे मार्क घरी कसे सांगायचे म्हणून दार लावून बसलेला मुलगा आपल्यातच आहे. 'डिप्रेशन' हा शब्द आपल्याकडे अजून कुजबुजत उच्चारतात. "आमच्या घरात असलं काही नाही" म्हणणाऱ्या घरांत ते नसतं असं थोडंच आहे? अशा घरात, त्या रात्री, बेडरूमच्या खणात भरलेलं पिस्तूल असावं असं कुणाला वाटतं?

"ज्याला जीव द्यायचाच आहे तो काहीही करून देतो," असं यावर हमखास ऐकायला मिळतं. हे खरं नाही, आणि त्याचा पुरावा याच देशात आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इथल्या स्वयंपाकघरांत कोळशापासून केलेला विषारी गॅस येत असे, आणि देशातल्या जवळपास निम्म्या आत्महत्या त्या गॅसने होत. पुढे तो गॅस हळूहळू कमी विषारी झाला आणि मग उत्तर समुद्रातला नैसर्गिक गॅस आला. गॅसच्या आत्महत्या जवळजवळ थांबल्या. विशेष म्हणजे एकूण आत्महत्याही सुमारे एकतृतीयांशाने घटल्या. साधन हाताशी नसलं, की ती घटका टळते आणि ती घटका टळली, की बहुतेक माणसं जगतात. लोकांचं दुःख काही कमी झालं नव्हतं, कमी झालं होतं ते फक्त घरातलं विष.

आता चोराकडे वळू. सोन्याचे चोर पाळत ठेवतात आणि आपण मंडळाच्या कार्यक्रमाला गेलो, की घर फोडतात. त्या वेळी पिस्तूल कुठे असेल? कपाटात, पाटल्यांच्या शेजारी. म्हणजे चोराला सोन्याबरोबर तेही मिळालं! आणि समजा आपण घरी आहोत, तर स्वतःच्या घरात जीव वाचवायला केलेल्या प्रतिकाराला इथला कायदा पाठीशी घालतो, २०१३ च्या दुरुस्तीनंतर तर जास्तच. घाबरून हाताला लागेल ती वस्तू हाणली म्हणून कुणी तुम्हाला फासावर देत नाही. पण १९९९ साली नॉरफोकच्या टोनी मार्टिन या शेतकऱ्याने विनापरवाना शॉटगनने सोळा वर्षांच्या चोराला पाठीत गोळी घातली, तेव्हा तो तुरुंगात गेला. जीव वाचवणं आणि जीव घेणं यांत कायदा फरक करतो, आणि तो करायलाच हवा.

दंगलीचं काय? इथे मी जरा आवाज चढवूनच बोलतो. पिस्तुलाचं दुकान उघडलं तर ते फक्त आपल्याला विकणार आहे का? ऑगस्ट २०२४ मध्ये हॉटेलांवर विटा फेकणारा आणि आग लावणारा जमाव डोळ्यांसमोर आणा आणि त्यातल्या प्रत्येकाच्या कमरेला भावाच्या आवडीचं 'कॉम्पॅक्ट' पिस्तूल आहे अशी कल्पना करा. त्या दंगलींत गोळी लागून एकही माणूस मेला नाही. याउलट २२ फेब्रुवारी २०१७ ला कॅन्ससमधल्या ओलेथ गावी श्रीनिवास कुचीभोतला हा आपल्यासारखाच इंजिनिअर कामानंतर मित्राबरोबर बारमध्ये बसला होता. "माझ्या देशातून चालते व्हा" असं ओरडणाऱ्या माणसाने त्याला गोळ्या घातल्या. तो माणूस इथे असता तर फार तर ग्लास फेकून मारला असता. अल्पसंख्याकांनी तरी बंदुकांचा खुला बाजार मागू नये. त्या बाजारात आपण नेहमीच संख्येने कमी असणार.

"पण इंग्लंडमध्ये चाकू चालतातच ना?" चालतात, आणि ते भयंकर आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये अलीकडे वर्षाला अडीचशेच्या आसपास खून चाकूसारख्या धारदार हत्याराने होतात. गोळीने होणारे खून मात्र साधारण वीस ते पस्तीस. लोकसंख्या सहा कोटी! चाकूवाल्या पोराच्या हाती पिस्तूल दिलं तर पहिला आकडा दुसऱ्या रकान्यात जाईल आणि कितीतरी पटींनी वाढेल, एवढंच.

हा कायदा आकाशातून पडलेला नाही. १३ मार्च १९९६ ला स्कॉटलंडमधल्या डनब्लेन गावच्या प्राथमिक शाळेत एक माणूस चार पिस्तुलं-रिव्हॉल्व्हरं घेऊन शिरला. तीन-चार मिनिटांत पाच-सहा वर्षांची सोळा मुलं आणि त्यांच्या बाई गेल्या. चारही शस्त्रं पोलिसांच्या परवान्याची होती. टेनिसपटू अँडी मरे तेव्हा त्याच शाळेत होता. गावकऱ्यांनी आणि पालकांनी 'स्नोड्रॉप' नावाची मोहीम काढली. मार्चमध्ये तिथे फुलणारं तेवढंच फूल, म्हणून ते नाव. सात लाखांहून अधिक सह्या झाल्या. चौकशी करणाऱ्या लॉर्ड कलन यांनीही सरसकट बंदी सुचवली नव्हती, पण लोकमत त्यांच्या पुढे गेलं. १९९७ मध्ये मेजर सरकारने मोठ्या बोअरची आणि ब्लेअर सरकारने उरलेली .२२ ची पिस्तुलं बंद केली. सुमारे १ लाख ६२ हजार पिस्तुलं लोकांनी जमा केली. उत्तर आयर्लंडचा अपवाद सोडला तर ती बंदी आजही आहे. बेकायदा पिस्तूल सापडलं तर साधारणपणे किमान पाच वर्षं शिक्षा ठरलेली. त्यानंतर ब्रिटनच्या एकाही शाळेत तसं हत्याकांड झालेलं नाही.

कायदा परिपूर्ण आहे असं मी म्हणत नाही. २०१० मध्ये कंब्रियात बारा जण मारले गेले आणि २०२१ मध्ये प्लिमथला पाच. पण कशाने? ज्यांचा परवाना अजून मिळतो त्या शॉटगन आणि रायफलने. प्लिमथच्या माणसाची तर पोलिसांनी काढून घेतलेली शॉटगन त्याला महिन्याभरापूर्वी परत केली होती. यातून परवान्याची चाळणी आणखी बारीक करावी एवढाच धडा निघतो.

कुणी आपल्या इतिहासाचा दाखला देतात. "इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने आपल्याला नि:शस्त्र केलं, आता इथेही तेच!" फरक लक्षात घ्या. तो कायदा हिंदी माणसाला परवाना मागायला लावी आणि गोऱ्याला मोकळं सोडी. आजचा इथला कायदा लॉर्डला आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराला एकच नियम लावतो. राहिला क्रांतिकारकांचा विषय. १९०९ साली लंडनमध्ये पिस्तूल दुकानातून सहज विकत मिळे. हायगेटच्या इंडिया हाऊसमधून सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्या ट्रंकेच्या चोरकप्प्यातून वीस ब्राउनिंग पिस्तुलं हिंदुस्थानात पाठवली. त्यांतलंच एक अनंत कान्हेरे यांच्या हाती त्या वर्षीच्या २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये होतं. त्यांच्यापुढे साम्राज्य उभं होतं आणि त्यांनी त्याची किंमत फाशीने चुकवली. आपल्यापुढे विम्याचा क्लेम आहे! त्यांच्या नावावर आपली हौस खपवू नये. आणि त्याच वर्षी १ जुलैला लंडनमध्ये धिंग्रांनी कर्झन वायलींवर गोळ्या झाडल्या, तेव्हा मध्ये पडलेले डॉ. लालकाका हे पारशी गृहस्थही मेले, हेही विसरू नये. गोळी सुटल्यावर ती कुणाची, हे झाडणाऱ्याच्या हाती राहत नाही.

नेमबाजीच्या खेळाबद्दल मात्र मला आदर आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं, तेव्हा आम्हीही पेढे वाटले. इथल्या बंदीमुळे ब्रिटिश पिस्तूल नेमबाजांना सरावासाठी परदेशी जावं लागलं, ही किंमत खरीच आहे. पण ज्यांना हौस आहे त्यांना दहा मीटर एअर पिस्तुलाचे क्लब आहेत. तिथे जरूर जा.

शेवटी, करायचं काय? सोनं बँकेत किंवा सेफ डिपॉझिटमध्ये ठेवा, प्रत्येक दागिन्याचा फोटो काढा, विमा नीट वाचा. भारतातून शिकायला येणाऱ्या भाचीच्या बॅगेत आईने मायेने मिरचीचा स्प्रे घातला असेल तर तिला आधीच कळवा, की इथे तो बंदुकीच्याच कायद्यात मोडतो आणि जवळ बाळगणं गुन्हा आहे. त्याऐवजी पिन ओढली की किंचाळणारा अलार्म घेऊन द्या. ज्या घरातला आवाज अलीकडे बारीक झालाय, तिथे फोन करा. मध्यरात्री कुणाशी तरी बोलावंसं वाटलं तर समॅरिटन्सचा ११६ १२३ हा नंबर मोफत आहे. तो फ्रिजवर चिकटवून ठेवा.

आणि दिवाळीत मुलांना पिस्तूल हवंच असेल तर टिकल्यांचं द्या, तेही भडक लाल-पिवळं. खऱ्यासारखं दिसणारं खेळण्यातलं पिस्तूल देशातून आणायलासुद्धा २००७ पासून इथे बंदी आहे, आणि ते घेऊन पोरगं रस्त्यावर गेलं तर सशस्त्र पोलीस दारात येतील. इतक्या बारीकसारीक गोष्टींना जपणाऱ्या देशात आपली मुलं वाढताहेत. ते जपणं ढिलं करा, असं निदान आपण तरी म्हणू नये.