तलाठ्याची उगवण तपासा

२०२३ ला तलाठी भरतीच्या पेपरला पोराला घेऊन कुर्ल्याला गेलो. खुल्या गटाची फी १००० रुपये. जागा ४,६४४, अर्ज दहा लाखांवर. कॉम्प्युटरवर १०० प्रश्न: मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, गणित-बुद्धिमत्ता. झाली निवड! पोरगं राहिलं म्हणून बोलत नाही. पण गारपिटीनंतर पंचनामा हाच माणूस करणार ना?

आपण बियाणं पिशवीवरची छपाई बघून पेरत नाही. १०० दाणे ओल्या गोणपाटात घालून उगवण बघतो.

तसंच करा. लेखी राहू द्या, पण पास पोरांच्या हातात गटाचा नकाशा अन् सातबारा द्या, बांधावर उभं करा, पीक पाहणी करून घ्या. वशिल्याची भीती वाटत असेल, तर सगळ्याचं व्हिडिओ शूटिंग करा. पटतंय का?