दौलतजादा

आमच्या भाईंदरला ‘चौक’ नावाचे एक गाव आहे, हे पुष्कळ भाईंदरकरांनाही ठाऊक नसते. नवख्या माणसाला ‘रविवारी चौकात भेटू’ असे सांगितले, तर तो बिचारा स्टेशनाबाहेरच्या रहदारीत तासभर उभा राहायचा. हा चौक रस्त्यांचा नव्हे. भाईंदर पश्चिमेहून बस धरावी, मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी अशी गावे मागे टाकावीत, आणि वाळत घातलेल्या मासळीचा वास नाकात शिरला म्हणजे पिशवी सावरून उठावे. समोर वसईची खाडी, पलीकडे वसईच्या किल्ल्याची अंधुक रेघ, आणि उंचावर धारावीच्या जुन्या किल्ल्याच्या जागी चिमाजी आप्पांचा पुतळा. १७३९ साली मराठ्यांनी वसई घेतली, त्या मोहिमेत हे टेकाडही गाजले होते. आता तिथे संध्याकाळी माणसे वारा खायला येतात. मीही त्यांतलाच एक.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस असाच गेलो होतो. धक्क्यावर होड्यांची वर्दळ चालली होती. तेवढ्यात मागून हाक आली, “सर!”

अठरा-वीस वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाला ही हाक कुठेही ऐकू येते. वळून पाहिले, तर माझा एक जुना विद्यार्थी. नाव सांगत नाही. सांगून तुमचे काही भले व्हायचे नाही आणि त्याचे मात्र वाईट होईल. वय तिशीच्या पुढचे, लग्न झालेले, एका कचेरीत बरी नोकरी. वर्गात असताना हा गडी मागच्या बाकावर बसून लावणीच्या तासाला तेवढा जागा असे. त्या दिवशी मात्र त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला होता. दाढी वाढलेली, नजर पाण्याकडे. मला ती नजर आवडली नाही.

“घरी चल, चहा घेऊ,” मी म्हटले.

“नको सर. इथंच बसू. मला कुणाशी तरी बोलायचंय, आणि घरात बोलता येण्यासारखं नाही.”

मग अर्धा तास तो बोलला. मध्ये मध्ये थांबला, पण बोलला.

हल्ली मोबाईलवर अशा काही जागा निघाल्या आहेत, की जिथे महिन्याची वर्गणी भरली म्हणजे एखादी स्त्री आपली धीट छायाचित्रे आणि चित्रफिती वर्गणीदारांना दाखवते. ‘ओन्लीफॅन्स’ हे त्यांतले सर्वांत गाजलेले नाव. २०१६ साली ते इंग्लंडात सुरू झाले. त्याच्यासारख्या इतरही पुष्कळ जागा आहेत. आमचा हा विद्यार्थी अशाच एका बाईचा वर्गणीदार होता. बाई मराठी बोलणारी. तिच्या चित्रांखाली तो रोज काहीबाही लिही. ‘प्रत्यक्ष कधी भेटणार?’ हे तर दर दोन दिवसांनी. उत्तर येत नसे. आणि एके रात्री आले! तिचेच नाव, तिचाच फोटो, पण निराळ्या ठिकाणाहून. ‘इथं नको, खासगीत बोलू. व्हिडिओ कॉल करते.’

पुढची गोष्ट तुम्ही ओळखली असेल. कॉल दोन मिनिटांचा. पलीकडे अंधूक चित्र, अलीकडे आमचे शहाणे, नको त्या अवस्थेत. पाच मिनिटांनी त्याचीच चित्रफीत त्याच्या हातात येऊन पडली, सोबत बायकोची, मेहुण्याची आणि साहेबांची नावे. ‘पैसे पाठव, नाहीतर सगळ्यांना पाठवतो.’ त्याने दहा हजार पाठवले. दुसऱ्या दिवशी ‘दिल्लीचा पोलीस अधिकारी’ म्हणवणाऱ्या कुणाचा फोन आला, की ‘तुमची फीत आमच्याकडे आली आहे, प्रकरण मिटवायचे तर पंधरा हजार लागतील’. तेही पाठवले. तिसरा फोन त्या दिवशी सकाळी आला होता, आणि म्हणूनच तो धक्क्यावर येऊन पाण्याकडे पाहत बसला होता.

मी काही कायद्याचा पंडित नाही. पण कॉलेजात दोनदा सायबर पोलिसांची व्याख्याने झाली आहेत, आणि सूत्रसंचालन माझ्याकडे असल्यामुळे ती मला ऐकावीच लागली. प्रथम मी त्याला म्हटले, “यापुढे एक पैसा द्यायचा नाही. असला माणूस पैसे मिळाले म्हणून थांबत नाही, देणारा सापडला म्हणून पुन्हा येतो. आणि खरा पोलीस फोनवर पैसे मागून प्रकरण मिटवत नाही.” मग दुसरे : “रागाच्या भरात काही पुसून टाकू नकोस. संदेश, नंबर, पैसे पाठवल्याची नोंद, सगळ्याचे फोटो काढून ठेव. तो पुरावा आहे.” तिथे बसूनच आम्ही १९३० हा क्रमांक लावला. पैशाची फसवणूक झाली, की केंद्रीय गृह खात्याच्या या क्रमांकावर जितक्या लवकर कळवावे तितके पैसे वाटेत अडवण्याची शक्यता अधिक. त्याच खात्याच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. शिवाय आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरारचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. ठाण्याला खेटे घालायचे दिवस गेले.

इतके झाल्यावर त्याच्या जिवात जीव आला, आणि जीव आल्याबरोबर रागही आला.

“सर, पण त्या बाईचं काय करायचं? कसली नीच बाई! मी पण सोडली नाही. तिच्या पैसे भरून बघायच्या सगळ्या फिती रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या, त्या मित्रांच्या ग्रुपवर फुकट टाकल्या. चार ग्रुपवर गेल्या असतील आतापर्यंत. म्हटलं, हिचा धंदाच बसवतो.”

मी चष्मा पुसला. “तिचे ते पान मला दाखवशील?”

तो ओशाळला. “सर, तुम्ही...”

“चित्रे नकोत रे. तिने काही लिहिले असेल तर ते दाखव. मी मराठीचा मास्तर आहे, मला मजकूर लागतो.”

त्याने पान उघडले. अगदी वर, सगळ्या चित्रांच्या आधी, सहा-सात ओळींची सूचना होती. ‘माझ्या नावाने आणि फोटोने कुणीतरी खोटी खाती काढली आहेत. मी इथल्याशिवाय कुठेही बोलत नाही. मी कुणालाही व्हिडिओ कॉल करत नाही. कुणी पैसे मागितले तर ती मी नव्हे. कृपा करून फसू नका.’ आणि खाली तारीख. आमच्या पठ्ठ्याच्या त्या रात्रीच्या कितीतरी आठवडे आधीची.

त्याने ती सूचना दोनदा वाचली.

“हे मी कधी वाचलंच नाही, सर.”

“तू तिचे काहीच वाचले नाहीस,” मी म्हटले. “नुसते पाहिलेस.”

वाचकहो, बोलून गेलो खरा, पण परतीच्या बसमध्ये ते वाक्य माझ्याच मानगुटीवर बसले. मी वर्षानुवर्षे लावणी शिकवतो. रामजोशी, होनाजी बाळा, शृंगाररसाचे विभाव-अनुभाव, सारे फळ्यावर लिहून देतो. पण ती लावणी जिच्या पायांतून आणि गळ्यातून आमच्यापर्यंत आली, त्या बाईविषयी तासाभरात किती मिनिटे बोलतो? शाहिराचे नाव परीक्षेला विचारतो, नाचणारीचे विचारत नाही. पोरगा मागच्या बाकावर बसून जे शिकला, ते कुणी शिकवले?

आपल्याकडे ही गोष्ट नवीन नाही. मोबाईल नवा आहे, बैठक जुनीच आहे. संगीत बारीच्या बैठकीत पैसे देऊन लावणी ऐकण्याची रीत पुण्याच्या आर्यभूषण थिएटरासारख्या ठिकाणी पिढ्यान्पिढ्या चालत आली. त्या बैठकीला अलिखित कायदा असे. फर्माईश करावी, दौलतजादा करावी, वाहवा द्यावी. पण फर्माईश म्हणजे हुकूम नव्हे, आणि दौलतजादा म्हणजे बाईची किंमत नव्हे. हा कायदा मोडणारे तेव्हाही होतेच. पण जो तो पाळी, त्याला रसिक म्हणत.

विठाबाई नारायणगावकरांची ती प्रसिद्ध हकिकत पुष्कळांना ठाऊक आहे. दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचत होत्या. कळा आल्या तशा कनातीमागे गेल्या, बाळंत झाल्या, आणि नाळ दगडाने ठेचून पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, असे सांगतात. आपण ही गोष्ट विठाबाईंच्या हिमतीसाठी सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण तिचा उत्तरार्धही तसाच सांगितला जातो : काय घडले हे कळताच प्रेक्षकांनी हात जोडून खेळ थांबवायला लावला. तिकिटाचे पैसे त्यांनीही मोजले होते. पण आपण खेळ विकत घेतला आहे, बाई नव्हे, हे त्या खेडुतांना कुणी व्याख्यान देऊन सांगावे लागले नाही.

उलट बाजूही आपल्याच मातीतली. २०२३ साली आपल्याकडच्या एका गाजलेल्या नर्तिकेची कपडे बदलतानाची चित्रफीत कुणीतरी चोरून काढली, आणि ती मोबाईलवरून गावोगाव फिरली. राज्य महिला आयोगाने दखल घेतली, पुण्यात गुन्हा नोंदला गेला. नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्या वेळी ‘ती तशीच नाचते, मग एवढे काय झाले?’ असे म्हणणारे सुशिक्षित लोक मी स्वतः ऐकले आहेत. रंगमंचावर ती जे दाखवते ते तिच्या मर्जीने. कनातीमागचे जे चोरले ते तिच्या मर्जीविरुद्ध. एवढा साधा फरक पदवीधरांना कळू नये?

न्यायालयांनी तो ओळखला आहे. डान्सबारवर महाराष्ट्रात २००५ साली बंदी आली, उच्च न्यायालयाने ती २००६ साली रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तो निकाल कायम केला. पुढे २०१६ साली सरकारने नवा कायदा केला, त्यावरही वाद गेला. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला, त्यात एक बारकावा आहे. नाचणारीला बक्षिसी द्यायला हरकत नाही, पण तिच्या अंगावर पैसे उधळायचे नाहीत. पैसा तोच, माणूस तोच. पण हातात दिला तर ती कदर, आणि अंगावर फेकला तर अपमान.

फितींच्या बाबतीतही कायदा स्पष्ट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमात असे म्हटले आहे, की स्त्रीने खासगी चित्रण करू दिले असले, पण ते तिसऱ्याला दाखवायला संमती दिली नसली, तर ते पसरवणे हा गुन्हा होय. पहिल्याच अपराधाला कमीत कमी एक वर्षाची कैद. ७८ वे कलम पाठलागाचे. बाई नको म्हणत असता पुन्हा पुन्हा संपर्क साधणे त्यात येते, मोबाईलवरून केले तरीही. आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६७ अ हे कलम तर उघड कामुक चित्रफिती प्रसिद्ध करणाऱ्या आणि पुढे धाडणाऱ्या कुणालाही लागू पडते, मूळ चित्रे संमतीची असोत वा नसोत. ‘मी फक्त फॉरवर्ड केले’ हे त्यापुढे उत्तर नव्हे.

चार दिवसांनी तो विद्यार्थी पुन्हा भेटला. पोलिसांत जाऊन आला होता. बायकोलाही सांगितले होते. “बोलत नाही अजून, पण घर सोडून गेली नाही,” म्हणाला. पैसे मिळतील की नाही, ते पुढे दिसेल. धमक्या देणाऱ्याला उत्तर देणे बंद केल्यावर दोन दिवस संदेशांचा पाऊस पडला, मग थांबला.

“सर, एक कळलं,” तो म्हणाला. “माझी फीत साहेबांना जाईल म्हणून मला चार रात्री झोप नव्हती. आणि तिची तर मी स्वतःच पाठवली. पैसे भरले होते ना, म्हणून वाटायचं, आपलीच आहे.”

“मग आता काय करणार?”

“तिला माफी मागणारं पत्र लिहू?”

क्षणभर मलाही ते बरे वाटले. मग म्हटले, “नको. माफी मागायलासुद्धा तू पुन्हा तिच्या दारातच जाणार. तुझे मन हलके होईल, तिच्या डोक्याला आणखी एक अनोळखी माणूस होईल. जिथे जिथे टाकल्यास, तिथे तिथे जाऊन सांग, की मी चूक केली, काढून टाका. लाज वाटेल, वाटू दे. स्वतःच्या फोनमधल्याही पूस. आणि खोट्या खात्याची तक्रार त्या जागेच्या चालकांकडे कर, म्हणजे निदान पुढचा एखादा वाचेल.”

त्याच्यासाठीही एक उपाय होता. ‘स्टॉप एनसीआयआय’ नावाची एक फुकट सोय २०२१ च्या अखेरीस निघाली आहे. आपले खासगी चित्र कुणी पसरवील अशी भीती असेल, तर प्रौढ माणसाला तिथे त्या चित्राचा एक आकडी ठसा तयार करता येतो. चित्र आपल्याच फोनमध्ये राहते, फक्त ठसा जातो. आणि जी मोठी समाजमाध्यमे त्यात सामील आहेत, ती तो ठसा जुळला की चित्र रोखतात. तेही आम्ही केले.

आता कुणी म्हणेल, की प्राध्यापकमहाशय, असली चित्रे पाहूच नयेत असे सरळ का सांगत नाही? सांगितले असते, पण तीस वर्षांच्या माणसाला ते सांगून उपयोग होतो असे मला दिसलेले नाही. शिवाय ‘पाहू नका’ म्हणून मोकळे झाले, की पाहणाऱ्याने कसे वागावे हे सांगण्याची जबाबदारी टळते. ज्याला पाहायचेच आहे, त्याने तिने आखलेल्या उंबऱ्याच्या आत उभे राहावे. तिने जिथे बोलावले तिथेच बोलावे; दुसरीकडून हाक आली तर ती तिची नव्हे असे धरून चालावे. आपला चेहरा, कचेरी, घरचा पत्ता अनोळखी पडद्यापुढे मांडू नये. तिचे खरे नाव-गाव खोदून काढू नये. नकाराला आणि मौनाला नकारच समजावे. आणि पुढे काही पाठवण्याआधी अंगठा क्षणभर थांबवावा.

या वर्षी लावणीच्या तासाला मी फळ्यावर शाहिरांची नावे लिहिली आणि त्यांच्या शेजारी एक रकाना मोकळा सोडला. एका मुलीने विचारले, “सर, इथं काय लिहायचं?”

“नाचणारीचे नाव,” मी म्हटले. “ठाऊक असेल त्याने लिहा.”

वर्गात बराच वेळ कुणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरून एकाने भीत भीत म्हटले, “विठाबाई?”

त्या रकान्यात पहिले नाव पडले.