"फक्त एरर पाठव" म्हणालात की फसलात

मागच्या व्हिडिओत दुकानाची वेबसाइट स्वतःच्या सर्व्हरवर कशी चालवायची ते बघितलं. आज त्याच सर्व्हरच्या लॉगबद्दल बोलायचंय. "हे डेव्हलपरचं काम, आपल्याला काय करायचंय?" असं मीही म्हणायचे. आता माझं मत ठाम आहे. सर्व्हरने कुठले लॉग बाहेर पाठवायचे हे मालकाने ठरवायचं, डेव्हलपरने फक्त ते लिहायचं.

आमचं भांड्यांचं दुकान. ऑनलाइन ऑर्डरसाठी एक छोटा लिनक्स सर्व्हर घेतलाय आणि त्याचे लॉग बाहेरच्या एका सेवेकडे जातात. कारण सर्व्हरमध्ये कोणी घुसलं तर आधी तिथलेच लॉग पुसतो, दुसरी प्रत बाहेर असलेली बरी. पण जितका डेटा जाईल तितके पैसे लागतात. बिल फुगायला लागलं. बघितलं तर बहुतेक ओळी दोनच गोष्टींच्या: साइट चालू आहे का ही दर 30 सेकंदांची तपासणी, आणि कढई-पातेल्यांचे फोटो उघडल्याच्या नोंदी. मी डेव्हलपरला फोनवर सांगितलं, "फक्त एरर पाठव, बाकी बंद कर." बिल उतरलं. मी खूश.

दिवाळीच्या तोंडावर एका रात्री कोणीतरी पेमेंटच्या पानावरचा आमचा क्यूआर कोड बदलला. सकाळपर्यंत 3 गिऱ्हाइकांचे पैसे भलत्याच खात्यात. 1930 वर तक्रार केली, लॉग शोधायला बसलो, तर त्या रात्रीच्या लॉगिनची एकही ओळ नाही. ना बाहेर, ना सर्व्हरवर.

बाहेर का नाही? सिसलॉगमध्ये 0 ते 7 पातळ्या असतात. 0 म्हणजे आणीबाणी, 3 म्हणजे एरर, 6 म्हणजे नुसती माहिती. बरोबर पासवर्ड टाकून कोणी आत आलं तर एसएसएचच्या दृष्टीने ती एरर नाहीच, 6 नंबरची माहिती. गंमत म्हणजे चुकीच्या पासवर्डची नोंदही 6 नंबरलाच होते. म्हणजे "फक्त एरर" म्हटलं की चोर पुढच्या दाराने आला तरी पत्ता लागत नाही.

आणि सर्व्हरवर का नाही? आरसिसलॉग नियम वरून खाली वाचतो. आमच्या डेव्हलपरने नको त्या ओळींना 'स्टॉप' लावला आणि ती फाइल डिस्कवर लिहिण्याच्या नियमाच्या आधी ठेवली. स्टॉप म्हणजे त्या ओळीचं पुढे काहीच होणार नाही, ती डिस्कवरही लिहिली जाणार नाही. अहो, सीएकडे पाठवायचं नाही म्हणून आपण बिलबुक फाडतो का? अट फॉरवर्डच्या नियमाला लावायची, बस्स.

आता आमच्याकडे 'ऑथ' आणि 'ऑथप्रिव्ह' या दोन गटांतलं सगळं बाहेर जातं, पातळी न बघता. बाकीच्यांचं वॉर्निंग आणि त्याहून गंभीर तेवढंच. वेबसर्व्हरचं म्हणाल तर ॲडमिन पान, पेमेंट गेटवेकडून येणाऱ्या विनंत्या आणि 500 च्या घरातले एरर. फोटो आणि तपासणी डिस्कवरच. फॉरवर्डच्या ओळीत @ दोनदा आहे ना तेही बघा. दोनदा म्हणजे टीसीपी. एकदाच असेल तर यूडीपी, त्यात ओळी वाटेत गळाल्या तरी कळत नाही.

डिस्कवरचंही किती दिवस ठेवायचं ते ठरवा. सर्ट-इनच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांत लॉग 180 दिवस जपायला सांगितलंय. उबुंटूवर काही बदललं नाही तर जुन्या 4 आठवड्यांच्याच फाइली राहतात. आम्ही लॉगरोटेटमध्ये तो आकडा 26 केला.

त्या वेळी साइटवर फोटो चढवायला एक मुलगा होता. पासवर्ड त्याच्याकडेही होता. घरातल्या सगळ्यांचा संशय त्याच्यावर. मी त्याला विचारलं, तो नाही म्हणाला, आणि महिन्याभरात काम सोडून गेला. त्याने केलं असेल, नसेलही. वेळ आणि आयपी पत्ता असलेली ती एक ओळ असती तर मला त्याला तसं विचारावंच लागलं नसतं कदाचित. पैशांपेक्षा हे जास्त लागलंय मला.

नियम लिहून झाले की 'लॉगर' कमांडने ऑथ गटात, माहिती पातळीवर एक खोटी नोंद टाका आणि ती दोन्हीकडे दिसते का बघा. आम्ही दर महिन्याच्या 1 तारखेला, दुकानाचं भाडं देतो त्याच दिवशी, हे करतो. पुढच्या व्हिडिओत स्क्रीनवर करून दाखवते.