किलोचा भाव आणि टनाचा हिशेब



बरेच दिवसांत काही लिहिणं झालं नाही. कारण घरचंच आहे, पण त्यातून एक मत पक्कं झालंय, म्हणून सांगतो. माझ्या टेबलावर सध्या पेपरवेट म्हणून अर्धा फुटलेला लोखंडी गोळा आहे. त्याच्या पोटात सुपारी मावेल एवढी पोकळी आहे.

माझ्या पुतण्याने वणीकडे चुनखडी दळण्याचा छोटा कारखाना टाकला. बँकेच्या कर्जाला जामीन मी. घरात पेन्शनवाला माणूस मीच ना! कारखान्याचा जीव म्हणजे बॉल मिल. आडवं, जाड पत्र्याचं फिरणारं पिंप. त्याचा साधारण तिसरा हिस्सा पोलादी गोळ्यांनी भरलेला. पिंप फिरलं की गोळे वर चढतात, दगडावर कोसळतात, एकमेकांवर घासतात आणि दगडाचं पीठ होतं. सिमेंटचं क्लिंकरही अनेक ठिकाणी असंच दळतात.

गोळे घ्यायच्या वेळी बँकेने तीन कोटेशनं मागितली आणि सर्वांत स्वस्त होतं ते मंजूर केलं. पुतण्याही खूश. "काका, अर्ध्या भावात मिळून राहिले!" मीही मान डोलावली. मी बी.ए., मराठी-इतिहासाचा मास्तर. मला गोळ्यातलं काय कळणार?

चार महिन्यांत गोळे चपटे झाले, काही फुटले. पिंपाचे दोन कप्पे असतात, मध्ये बारीक चिरांची पोलादी जाळी. त्या चिरांत तुकडे अडकले, माल पुढे सरकेना. विजेचं बिल तेवढंच, उत्पादन मात्र निम्म्यावर. दोन हप्ते थकले आणि बँकेचं पत्र माझ्या नावावर आलं. हिने ते वाचलं आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

मग मी वही-पेन घेऊन कारखान्यात जाऊन बसलो. गणित मास्तरला येतंच. किती गोळे घातले, किती माल निघाला, गोळ्यांचं वजन किती घटलं? एक टन माल दळताना ३०० ग्रॅम लोखंड झिजत होतं. पुढे एका कारखान्यातून जास्त क्रोमियमचे ओतीव गोळे आणून बघितले, तर झीज ५० ग्रॅमवर आली. भाव दुप्पट, पण झीज सहावा हिस्सा. म्हणजे टनामागे गोळ्यांचा खर्च एक तृतीयांश! बंद पडलेले दिवस तर यात धरलेलेच नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे की गोळ्याला किलोचा भाव विचारूच नये. एक टन दळायला किती पडेल, ते विचारावं आणि विकणाऱ्याकडून झिजेची हमी लिहून घ्यावी. जो लिहून देत नाही त्याचा चहा पिऊन उठावं.

तुम्ही म्हणाल, मग सर्वांत महागडा, सर्वांत कठीण गोळा घ्या की! तसंही नाही. क्रोमियम १० टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत असू शकतं, पण भट्टीतली प्रक्रिया नीट नसेल तर तोच कठीण गोळा काचेसारखा फुटतो. शिवाय दळायचं काय, तेही बघावं लागतं. आमच्या गोंदियाच्या पलीकडे, बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडला तांब्याचं खनिज निघतं. तसली खनिजं पाणी घालून दळतात. तिथे घासण्याबरोबर गंजही लोखंड खातो. पिंपं मोठी असली की आघातही जबर. अशा कामात घडीव पोलादाचे गोळे पुष्कळदा परवडतात. आमची चुनखडी मऊ आणि कोरडी, तिला वेगळा न्याय.

आकारातही आम्ही फसलो होतो. मोठा गोळा जोरात बसतो म्हणून पुतण्याने सगळे ९० मिलिमीटरचे घेतले. असा एक गोळा सुमारे ३ किलोचा. तेवढ्याच लोखंडात २० मिलिमीटरचे ९१ गोळे होतात आणि घासायला साडेचारपट पृष्ठभाग मिळतो. दगड फोडायला मोठे हवेत, पीठ करायला लहान. पहिल्या कप्प्यात मोठे, दुसऱ्यात लहान. आमची चुनखडी आधीच बारीक गिट्टी होऊन येते, तिला एवढे मोठे गोळे म्हणजे मुंगी मारायला मुसळ.

आता प्रत्येक खेपेतले दोन-तीन गोळे कापून बघतो. पोकळी आहे का, आणि वरची कठीणता मध्यापर्यंत टिकते का. वर कठीण आणि आत मऊ असला तर झीज अचानक वाढते. कापायचा खर्च एका थांबलेल्या दिवसापेक्षा कमीच.

राग मला गोळेवाल्याचा फारसा नाही. स्वस्त मागितलं, स्वस्त दिलं. राग आहे तो तीन कोटेशनांतलं खालचं उचलण्याच्या रीतीचा. शाळेत मी पस्तीस वर्षं याच रीतीने आलेले खडू वापरले. फळ्यावर ओढले की ओरखडा उमटायचा, अक्षर नाही. तेव्हा मी काही बोललो नाही, हेही खरं. यावेळी मात्र बँकेत जाऊन टनाचा हिशेब मांडला. मॅनेजर तरुण होता. त्याने वही दोनदा वाचली आणि हप्ते पुढे सरकवून दिले.

असो. नवीन खेप गुरुवारी येते आहे. पुतण्या म्हणतो, "काका, तुम्ही कशाला उन्हात येता?" मी जाणार आहे. जामीन अजून माझाच आहे.